गर्टीताईच्या स्मरणार्थ अखंड सीसॉ

मिलबर्न, ओहायो
५ ऑक्टोबर १९८६

चि. लुसिल हिस,
अ. आ. वि. वि.

काल सुखरूप पोहोचले. तुझ्या पित्ताशयाच्या ऑपरेशनपायी दीड महिना तुझ्याकडे राहिले, तेवढ्यात इकडे मी वारले.

थट्टा नाही. शेजारच्या घरातलं कॉलेजच्या पोरांचं बंधुमंडळ तुला ठाऊक आहे, तेच ते, ढोल बडवणारं आणि माझ्या गुलाबांत बिअरचे डबे पेरणारं. त्यांच्या अंगणात फलक लागलाय, 'मिस गर्ट्रूड हॉफस्टेटर यांच्या स्मरणार्थ अखंड सीसॉ'. माझं नाव शोभेसाठी ग्रीक अक्षरांत. त्यातला ग्रीक 'स' दिसतो इंग्रजी 'ई'सारखा, म्हणून या विद्वानांनी 'ई'च्या जागी तोच ठोकलाय. कॉन्व्हेंटात सिस्टर युलालियांनी शिकवलेल्या ग्रीकप्रमाणे वाचलं, तर माझं नाव 'ग्सर्ट्रुड्स' होतं. मेलेल्या बाईचं निदान नाव तरी धड लिहावं!

दरवर्षी ही पोरं आणि समोरच्या घरातलं मुलींचं भगिनीमंडळ मिळून हे पुण्यकर्म करतात. अंगणात सीसॉ मांडायचा, पाळीपाळीनं दोघांनी बसायचं आणि तीन दिवस तो थांबू द्यायचा नाही. थांबला नाही तर गावातले दुकानदार कबूल केलेली देणगी देतात. थांबला तर एक छदामही नाही. यंदा गुरुवारी सोळाला सुरू होऊन रविवारी दुपारी बाराला संपणार.

हे झालं कसं, ते ऐक. फादर क्विनलननी चर्चच्या पत्रकात छापलं होतं, 'मिस हॉफस्टेटर सध्या आपल्यात नाहीत. प्रार्थनेत त्यांच्या घरच्यांची आठवण ठेवा.' पोरांनी 'सध्या' गाळला. उभा जन्म लॅटिन शिकवलं मी या गावात, पोरं नेहमी क्रियाविशेषणच गाळतात.

आणि फलकावरचा फोटो माझा नाही, तुझा आहे. चर्चच्या तळघरात तुझा तो भोपळ्याचा 'पाय' भाजायच्या स्पर्धेतला फोटो लावलाय ना, खाली नुसतं 'मिस हॉफस्टेटर' लिहिलेला? तोच उचलला.

उद्या छत्री घेऊन जाते आणि मी जिवंत आहे याचा पुरावा देते.

तेलकट खाऊ नकोस. माझ्यावर आहे तेवढा लोभ राहू दे, निदान तू तरी.

तुझी (हयात) ताई,
गर्टी


डुलूथ, मिनेसोटा
९ ऑक्टोबर १९८६

ती. ताईस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की टाक्यांची काळजी वाटली. फोटो माझा लावला हे बरंच झालं. तुझा लावला असता तर लोकांनी देणगी परत मागितली असती.

पण छत्री उगारण्याआधी विचार तर, ते पैसे जाणार कुठं? तू जिवंत असताना त्या घरानं तुला कधी एक फूल दिलं नाही. आता देतायत तर घे की मुकाट्यानं. अर्थात मुकाट्यानं हा शब्द तुला लॅटिनमध्येही कधी आला नाही.

मी बरी आहे. माझ्यावरचा राग आणि लोभ दोन्ही असू दे.

तुझी,
लुसिल


मिलबर्न
१३ ऑक्टोबर १९८६

चि. लुसिल हिस,
अ. आ. वि. वि.

छत्री जागेवर ठेवली. फादर क्विनलननी मला फाटकातच गाठलं आणि हात चोळत खरा प्रकार सांगितला. पैसे आपल्या तळघरासाठी आहेत, जिथं मी गरजूंना दर मंगळवारी किराणा वाटते. आरोग्य खात्याच्या माणसानं बजावलंय, या महिन्यात मोठा फ्रीज बसवा, नाहीतर कुलूप लावा. कुलूप लागलं तर मिसेस टिबेट्सच्या चार पोरांना दूध कोण देणार? तो खात्याचा माणूस?

तीन वर्षं मी या फ्रीजसाठी डबा घेऊन दारोदार हिंडले. हार्डवेअरवाला ग्रिमशॉ मला पाहिलं की दारावरची पाटी 'बंद'कडे फिरवायचा. आता त्यानंच सगळ्यांत मोठी देणगी कबूल केलीय, आणि डोळे पुसत म्हणाला म्हणे, की फार गोड स्वभावाची बाई होती हो. गोड! मी! माझी निंदासुद्धा परवडली असती.

म्हणून फादर म्हणतात, रविवारपर्यंत बाहेर पडू नका. मी म्हटलं, हे खोटं बोलणं आहे. ते म्हणाले, खोटं कसलं, घरात बसणं आहे. मी बजावून ठेवलंय, कोणी विचारलं तर खरंच सांगेन. पण मेलेल्या माणसाला विचारतो कोण?

पडद्याआड बसलेय. फादर मागच्या दारानं पाव आणून देतात, तोही शिळा. माझी आठवण काढ, पण प्रार्थनेत नको. तिथं गर्दी झालीय.

तुझी,
गर्टी


मिलबर्न
२० ऑक्टोबर १९८६

चि. लुसिल हिस,
अ. आ. वि. वि.

काल जे झालं ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी लिहिते.

भगिनीमंडळानं सगळ्यांसाठी बटाट्याचं मेयोनेझ घातलेलं सॅलड केलं होतं आणि ते उन्हात ओसरीवर ठेवलं होतं. फ्रीजसाठी देणगी गोळा करणाऱ्या पोरींनी! रविवारी सकाळी दोन्ही घरांतली झाडून सगळी मंडळी संडासाच्या रांगेत. सीसॉवर उरले दोघं, बंधुमंडळाचा म्होरक्या टॉड आणि भगिनीमंडळाची डार्ला. बाराला थोडाच अवकाश असताना डार्ला तोंड दाबून पळाली. टॉड एका टोकाला एकटाच बेडकासारख्या उड्या मारत फळी हलवत राहिला. तोंड हिरवं. ग्रिमशॉ घड्याळ हातात घेऊन समोर उभा.

मी पडद्यातून पाहत होते. मिसेस टिबेट्सची धाकटी डोळ्यांसमोर आली आणि मी घरच्या झग्यात, सपाता घालून धावले. बसले. टॉड चांगला भरलेला आहे, त्यामुळे मी थेट आभाळात. वरूनच ओरडले, पाठ ताठ ठेव गाढवा, आणि खाली बघू नकोस, ओकशील!

मग आपलं कॉन्व्हेंटातलं शिक्षण आड आलं, खोटं पचेना. वर गेले तेव्हा सगळ्या गावाला ऐकू जाईल असं सांगितलं, की मीच गर्ट्रूड हॉफस्टेटर, मी जिवंत आहे. खाली आल्यावर पुन्हा सांगितलं. ग्रिमशॉनं टोपी काढली आणि हळूच म्हणाला, की ओळखलं बाई, तुम्ही त्यांच्या बहीण, दुःखात होतं असं. टॉडनं एकदा फलकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाला, की नाही हो, त्या दिसायला बऱ्या होत्या.

मी लॅटिनमध्येसुद्धा सांगून पाहिलं. परत आलेली डार्ला माझ्या गळ्यात पडून रडली. तेवढ्यात चर्चची बाराची घंटा झाली.

खरं बोलले, लुसिल. कोणी घेतलं नाही.

तुझी,
गर्टी


डुलूथ
२४ ऑक्टोबर १९८६

ती. ताईस,
स. न. वि. वि.

म्हणजे आता तू मी, आणि मी मेले! आयुष्यभर मला 'गर्टीची धाकटी' म्हणत होते, त्याचा हा हिशेब चुकता झाला.

थँक्सगिव्हिंगला येतेय. माझं स्मारक बघायचंय. भोपळ्याचा पाय मीच करीन, तू हात लावू नकोस, नाहीतर माझं नाव खराब करशील.

तुझ्या शिव्यांसकट लोभ हवाच आहे.

तुझी,
लुसिल


मिलबर्न
३० ऑक्टोबर १९८६

चि. लुसिल हिस,
अ. आ. वि. वि.

फ्रीज आला. एवढा मोठा की फादर त्यात उभे राहतील, आणि हे सगळं उघडकीला आलं तर लपायला राहतीलच. त्यावर पितळी पाटी आहे, माझं नाव, तुझा फोटो. नावात 'ई'च्या जागी पुन्हा तेच.

मंगळवारी त्या पाटीखाली उभी राहून दूध वाटलं. सगळे मला 'मिस लुसिल' म्हणतात; चेहरा ओळखीचा वाटला तरी म्हणतात, बहीणच ती, सारखी दिसणारच. पहिल्यांदा प्रत्येकाला दुरुस्त केलं. मग मिसेस टिबेट्सनं माझा हात धरला आणि सांगितलं, की तुमच्या बहिणीची जीभ तिखट होती, पण माझ्या पोरांसाठी दूध बाजूला काढून ठेवायला ती कधी विसरली नाही. त्यानंतर मला दुरुस्ती सुचली नाही. जिवंतपणी हे मला कोणी ऐकवलं नसतं.

टॉड खोकी उचलायला येतो. माझ्या दुःखाचा मान राखून त्यांनी ढोलही बंद केलेत. तेव्हा तू येशील तर मोठी टोपी घालून, तोंडावर जाळी ओढून ये. गावात फिरू नकोस, पोरं दचकतील. पाय मात्र तूच कर. लुसिलच्या हातचा आहे असं सांगून मी वाढीन.

एकच कर. पाकिटावर माझंच नाव लिहीत जा, स्वच्छ, 'ई'सकट. पोस्टमन गोंधळला तर गोंधळू दे. पत्र हातात आलं की निदान मला तरी आठवेल, मी कोण ते.

तुझीच,
गर्ट्रूड