दहा पूर्णांक आठ

१६ जून १९८६

बारावी सुरू. पहिल्याच तासाला चुरी सरांनी केमिस्ट्री राहू दिली बाजूला आणि स्वतःच्या ट्यूशनच्या वेळा सांगितल्या! प्रॅक्टिकलचे तीस मार्क ‘शेवटी आमच्याच हातात असतात’ म्हणे. ज्याच्या हाती ससा तो पारधी. लगेच सगळ्यांनी वह्या काढून वेळ लिहून घेतली. मेंढरं!

मी नाव दिलं नाही. देणारही नाही. मला मेडिकलला जायचंय, आणि स्वतःच्या डोक्याने जायचंय. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून तीनशेपैकी दोनशे सत्तर तरी हवेत. त्याच्या खाली गेलं की संपलं. मग आहेच आपली सातपाटी — मच्छीमारांच्या सोसायटीत मासळीवर बर्फ टाकत बसा, नाहीतर आईसारखी पाटी डोक्यावर घेऊन पालघरचे उंबरे झिजवा.

२ जुलै

चंद्रभान नावाचा एक नग बोईसरहून येतो. बाप कारखान्यात साहेब. आज त्याने सरांना कारखान्याचं कॅलेंडर भेट दिलं. अर्धं वर्ष संपल्यावर कॅलेंडर! आणि सरांनी घेतलंसुद्धा, वर ‘वा, वा, कागद चांगला आहे’.

देणारा तसा घेणारा.

२२ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा झाली, बोटी बाहेर पडल्या. बाबाही गेले बोटीवर. घरात जरा शांतता.

आज भर वर्गात सर म्हणाले, ‘काय सातपाटी, ताजं पापलेट कधी?’ सगळे फिदीफिदी हसले. मागून चंद्रभान — ‘नाव सुगंधा आणि डब्यात बोंबील!’ काय विनोद! वर्षभर पुरवून वापरणार आता तो. मधल्या सुट्टीत मी मुद्दाम त्याच्या शेजारी बसून डबा उघडला. सावकाश खाल्लं. काटेसुद्धा चोखले. बिचारा उठून गेला.

पापलेट मात्र सरांना मिळायचं नाही. जिभेला पाणी सुटू दे खुशाल.

१४ ऑक्टोबर

कॉलेजच्या गल्लीत आई दिसली. भरलेली पाटी डोक्यावर, आणि तिथून हाक — ‘सुगंधेऽऽ!’ मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले. ऐकूच आलं नाही असं केलं.

घरी आल्यावर तिला स्पष्ट सांगितलं, त्या गल्लीत यायचं नाही. माझ्या सरांच्या घरांकडे तर अजिबात नाही. ती म्हणाली, ‘माजी जुनी गिऱ्हाईकं हायत तिथं, बाय.’ मी म्हटलं, पालघर काय एवढंसं आहे? दुसरी शोध. शेवटी म्हणाली, ‘बरं.’

वाईट वाटलं का? वाटलं, थोडं. पण मला कुणाच्या तोंडून ‘हिची आई आमच्याकडे मासे घेऊन येते’ हे ऐकायचं नाहीये.

११ डिसेंबर

सहामाही. केमिस्ट्री सत्तरपैकी चौसष्ट. चंद्रभान एकेचाळीस. ट्यूशन पावली!

१९ फेब्रुवारी १९८७

केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल झालं. काय तमाशा!

बाहेरच्या कॉलेजचे परीक्षक आलेले. आमची दुसरी बॅच. ब्युरेटच्या नळीतून थेंब थेंब द्रावण सोडायचं, खालच्या पाण्याचा रंग पालटला की किती सोडलं ते वाचायचं आणि लिहायचं. एवढंच काम. तर पहिली बॅच बाहेर येता येता सगळ्यांच्या कानात सांगून गेली — ‘साडेनऊ! साडेनऊ येतं!’ झालं. आत गेल्यावर कोण कशाला करतंय? नळ्या हलवायच्या, तोंड गंभीर करायचं, आणि लिहायचं साडेनऊ. चंद्रभानने तर ब्युरेट भरलीसुद्धा नाही! वर मला खुणावतोय — नऊ बोटं आणि एक अर्धं. केवढी दया!

दुसऱ्याचं उष्टं मी लिहू? मी केलं. तीनदा केलं. तिन्ही वेळा दहा पूर्णांक आठ. शाईने लिहिलं, दहा पूर्णांक आठ. परीक्षकांनी माझी वही पाहिली, भुवई वर केली, पुढे गेले.

एसटीत बसल्यावर पुन्हा आकडे मांडले. चोवीस जणांचं साडेनऊ आणि माझं एकटीचं दहा पूर्णांक आठ. म्हणजे कुठेतरी माझंच चुकलं. मापात चुकलं असेल, नाहीतर पिपेट नीट धुतली नसेल. चोरांचं बरोबर आणि माझं चूक!

२० फेब्रुवारी

फार तर पंधरा मिळतील. लेखीत भरून काढीन. रडणार नाही.

१२ मार्च

केमिस्ट्रीचा पेपर सोपा. बाहेर सगळे गळे काढून रडत होते. छान वाटलं.

१५ जून

निकाल! तीन विषयांच्या ग्रुपला दोनशे त्र्याहत्तर!

आईने मार्कलिस्ट उलटी धरली, सुलटी धरली, मग देवापुढे ठेवली. ‘डाक्टर झाली गो माजी बाय’ करत आळीभर फिरून आली. अजून फॉर्म भरायचाय, म्हटलं. कोण ऐकतं! मीही फार ओरडले नाही. आज मला ती आवडली.

पण एक कळत नाही. केमिस्ट्री प्रॅक्टिकल — अठ्ठावीस. तीसपैकी अठ्ठावीस! चंद्रभानला चौदा. तो तोंड वाकडं करून विचारतो, ‘खरं सांग, सरांना काय दिलंस? पापलेट?’ मी त्याच्या तोंडावर हसले. म्हटलं, कॅलेंडर तर नाही ना दिलं?

हसले खरी. पण माझं उत्तर चूक होतं. चुकीला अठ्ठावीस कोण देतं?

१९ जून

कळलं.

दाखला आणायला कॉलेजात गेले होते. लॅबचं काही बाकी नाही अशी चुरी सरांची सही हवी. सर घरी होते, म्हणून घरी गेले. पुढचं दार बंद, म्हणून मागे वळले. मागच्या दारात आई!

उकिडवी बसलेली. सरांच्या पत्नी सुपात सुके बोंबील आणि सोडे घेत होत्या. पैशाचं नाव नाही. एक नाणं इकडचं तिकडे झालं नाही, मी या डोळ्यांनी पाहिलं. बाई म्हणतायत, ‘दिवाळीतलं ते पापलेट! हे अजून नाव काढतात.’ आणि आई हात जोडून, ‘पोरीला तुमी सांबाललंत, बाई.’

तर हे माझे अठ्ठावीस! पोरगी वर्षभर नाक वर करून फिरत होती आणि आई मागच्या दाराने तिचे मार्क आणत होती. चंद्रभानला हसले मी! त्याने निदान पुढच्या दाराने दिलं.

सही न घेता परत आले. आई घरी आल्यावर तोंडाला येईल ते बोलले. ‘पाटीत घालून विकलंस मला,’ असंही बोलले. ती म्हणाली, ‘अगं, गिऱ्हाईक हाय ती माजं, तुज्या आदीपासनं—’ पुढचं मी ऐकूनच घेतलं नाही. गिऱ्हाईक म्हणे! फुकट खाणाऱ्याला गिऱ्हाईक म्हणतात होय? मग ती बोंबील निवडत बसली.

२४ जून

मेडिकलचा फॉर्म ट्रंकेत पडलाय. दोन जुलैच्या आत मुंबईला नेऊन द्यायचा. मी देणार नाही.

हिशेब साधा आहे. माझ्या अकलेचे पंधरा धरले तर दोनशे साठ. म्हणजे मी मेडिकलची नाहीच. वरचे तेरा पापलेटाचे. माशावर डॉक्टर होऊन कुणाची नाडी बघू? बीएस्सी करीन पालघरला. तिथे मला कुणी हात जोडून बसवलेलं नसेल.

आई रोज विचारते, ‘फारम धाडलास?’ मी म्हणते, बघू. तिच्याकडे बघवत नाही. रागाने म्हणा, कशानेही म्हणा.

२ जुलै

पाच वाजले. मुदत संपली. माझ्याइतकी ताठ मान अख्ख्या तालुक्यात कुणाची नसेल.

३ जुलै

चुरी सर आले. भर पावसात, एसटीने. पिशवीत माझा दाखला, सही करून. ‘न्यायलाच आली नाहीस! दाखल्याशिवाय फॉर्म कसा दिलास गं?’ मग आपणच हसले. ‘माझ्या ट्यूशनची लाज काढलीस तू. परीक्षकांनी दुसऱ्या बॅचला द्रावणाची बाटली बदलून दिली होती. साडेनऊवाले सगळे आपटले. दहा पूर्णांक आठ — एकटीचं बरोबर. ते अठ्ठावीस त्यांनी स्वतः घातले.’

मी ट्रंकेकडे पाहिलं. आईने चहा आणला. सरांनी खिशातून नोटा काढून तिच्या हातावर ठेवल्या — ‘हे आमच्या हिने दिलेत, जूनच्या मासळीचे.’ तिने न मोजता पदराला बांधल्या. ‘पंधरा वरसं झाली, बाईचं म्हैन्याचं पैसं कदी चुकलं नाय,’ म्हणाली. मग माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सरांना विचारलं, ‘सर, पोरीनं फारम उंद्या भरला तर चालंल ना?’

सरांनी कप खाली ठेवला.