लाल दिव्याची साक्ष

प्रिय आयडा,

हे पत्र तुझ्या बाबांच्या नकळत लिहितेय. ते बाहेर काहीतरी शोधता शोधता शेजारच्या ड्वेनला ऐकवतायत, "चाळीस वर्षं वायरमन होतो रे मी, एक दिवा लावणं म्हणजे काय!" नेमका त्याच दिव्यावर माझा विश्वास नाही.

गुरुवारी क्लाउडक्रॉफ्टचा डोंगर उतरून तुझ्याकडे यायचं ठरलंय. आमच्या फिरत्या घराच्या, मोटरहोमच्या मागे छोटी गाडी, चारही चाकांवर ओढत. तिच्या पेडलवर ब्रेक दाबणारी पेटी बसवलीय. पेटीने खरोखर ब्रेक दाबला, तरच आमच्यासमोरचा लाल दिवा लागायला हवा. त्या उतारावर मागची गाडी आपल्याला साथ देतेय की ढकलतेय, हे सांगणारा तेवढा एकच साक्षीदार.

शनिवारी बाबांनी तो जोडला. पहिल्याच फटक्यात लागला, आणि तिथेच मला शंका आली. तुझ्या बाबांचं कुठलं काम एकही शिवी न देता झालंय? मी मागच्या गाडीखाली वाकून पाहिलं. वायरचे वीसेक तुकडे पडले होते, टोकांवर माणसाच्या दातांचे व्रण. पक्कड मात्र हत्यारांच्या पेटीत जागच्या जागी.

मग मी चोरासारखी वागले. काल ब्रेकची पेटी पेडलवरून काढून मागच्या सीटवर ठेवली आणि त्यांना म्हटलं, "ऑरिन, जरा मोटरहोमचा ब्रेक दाब, मला दिवा बघायचाय." दाबला. दिवा लागला! पेटी तिकडे उताणी पडलेली, आणि हा दिवा मला सांगतोय ब्रेक लागला! वर बाबा म्हणतात, "पटलं? किती संशय घेशील गं म्हातारे!" ते फिरायला गेल्यावर मी डॅशबोर्डखाली डोकं घातलं. दिव्याची पिवळी वायर मागच्या गाडीपर्यंत गेलीच नव्हती. मोटरहोमच्याच ब्रेकदिव्याला जोडलेली. म्हणजे हुकूम सुटला की दिवा लागणार. तो पाळला गेला का, हे त्याला ठाऊकच नाही.

हा खोटारडा दिवा मी ओळखते. अस्टोरियाच्या मासळी कारखान्यात मासे कापायच्या यंत्रावर असाच एक होता, बटणाला जोडलेला, पात्याला नाही. दिवा विझला म्हणून माझ्या शेजारी काम करणाऱ्या हिल्माने हात घातला. पातं फिरत होतं. दोन बोटं गेली. मी खोक्यावर चढून ओरडले होते, "दिवा बटणाला नको, पात्याला जोडा! जो काम करतो त्याचीच साक्ष धरा!" चारशे बायांनी काम थांबवलं. शेवटी ज्या वायरमनने तो दिवा पात्याला जोडला, त्याच्याशी मी लग्न केलं.

म्हणून सांगते, ही बाबांची नकळत झालेली चूक नाही. त्यांना सगळं कळतं. गाडीखाली पडून वायर सोलायची, पेडलच्या स्विचला जोडायची, तर हात स्थिर लागतो. फेब्रुवारीपासून ते कॉफी डाव्या हाताने पितात. बटणांचे शर्ट घालणं सोडलंय. मी वायरीवर संशय घेतला, दिव्यावर घेतला. त्या उजव्या हाताकडे मात्र बघायचं टाळलं.

पाकिटात जड काय आहे, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. मोटरहोमची किल्ली. सकाळपासून बाबा तीच शोधतायत, आणि मीही त्यांच्यासोबत सीटखाली वाकून शोधतेय. दुसरी माझ्या मोज्यात आहे. बुधवारी ये. वायर मागच्या पेडलपर्यंत ने. हात तुझे, डोकं त्यांचं; त्यांना शिव्या देऊ दे. आणि उतारावर मोटरहोम तू चालव. हे खरं तर मीच त्यांना सांगायला हवं. पण चारशे बायांपुढे फुटलेला आवाज या एका माणसापुढे फुटत नाहीये गं.

तुझीच, खोटं शोधणारी,
आई