ठकीची नोकरी कोणी घालवली

९ जून, मंगळवार

आदरणीय बाई,

नमस्कार. दोन वर्षं मी तुमचा एकही फोन उचलला नाही; पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र न उघडताच बाजूला टाकलं असेल, तर तो तुमचा हक्क आहे. पण कधीतरी वाचा.

घरी सगळे ठीक. यांचा गुडघा कुरकुरतो, त्याहून जास्त हे कुरकुरतात. सासूबाई ऑक्टोबरात गेल्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून दीड वर्ष अंथरुणावर होत्या. सुटल्या म्हणायचं.

ठकीला तेविसावं लागलं. वजन वाढलंय. दुपारभर टीव्हीसमोर असते. ‘तुमची फार आठवण काढते’ असं लिहिणार होते, पण हल्ली ती कोणाचीच आठवण काढत नाही.

तुमची विशेष मुलांची शाळा संपल्यावर तिचं पुढे काय, हा घोर आम्ही गिळून बसलो होतो. तुम्ही तो अंगावर घेतलात. तिला बस शिकवताना आधी तिच्या शेजारी बसलात, मग दोन बाकं मागे, मग बसच्या मागून स्कूटरवर. सहा महिने! हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरीची चौघडी शिकवायला आणखी दोन. सुरुवातीला चादर ठकीला गुंडाळते की ठकी चादरीला, तेच कळत नव्हतं, असं तुम्हीच हसत सांगायचात. मग ती एकटी जायला लागली आणि तिथली सुपरवायझर म्हणाली, हिच्या घडीला इस्त्री लागत नाही.

अकरा महिने टिकली. मग मी तुम्हाला फोन केला, की सुपरवायझरनं तिला काढलं. ‘असल्या मुलीला सांभाळायला आम्हाला वेळ नाही’ असं म्हणाली, म्हणून सांगितलं.

बाई, ती असं काही म्हणाली नव्हती. कोणीच काही म्हणालं नव्हतं. मीच जाऊन सांगितलं होतं, की ठकीला घरी फिट येतात, डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितलंय. तिला आयुष्यात कधी फिट आलेली नाही.

तुम्ही तिथे जाऊन भांडलात. ती बिचारी म्हणाली, आईनंच काढलं. तुम्ही तडक माझ्याकडे आलात. आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलंत, “खरं काय ते मला सांगा.” आणि मी तुमच्या डोळ्यांत बघून म्हणाले, “त्या खोटं बोलतायत.” तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. लेखी तक्रार केलीत. सुपरवायझरची बदली झाली, आणि हॉस्पिटलनं हात वर केले, की तुमच्या शाळेची मुलं यापुढे नकोत. कुबड्या घेऊन चालणारी ती मुलगी पुढच्याच महिन्यात तिथे लागणार होती ना? तिच्या आईनं नवा ड्रेससुद्धा शिवून ठेवला होता. मला ठाऊक होतं. तरी मी तोंड उघडलं नाही.

स्वतःला मी सांगत राहिले, की सासूबाईंपाशी कोणीतरी हवं, मी काय करणार? पण त्याच एकदा म्हणाल्या होत्या, “अगं, पोरीला कामावर जाऊ दे. पाणी उशाशी ठेवलंस की झालं. तिचा चेहरा बघवत नाही.” मी म्हणाले, “तुम्ही पडून राहा.” आणि त्या गेल्यालाही आता आठ महिने झाले. मग या आठ महिन्यांत काय अडलं होतं?

आता जे लिहितेय ते यांनाही माहीत नाही. एकदा दुपारी मी तिचा विसरलेला डबा द्यायला गेले होते. मागच्या ओट्यावर सगळ्या जणी जेवत होत्या. ठकी मध्ये बसली होती, कसलीशी नक्कल करत होती, आणि बायका हसून लोळत होत्या. तिला नक्कल करता येते हे मला माहीतच नव्हतं. वीस वर्षं तिला भरवलं, न्हाऊ घातलं, तिच्यापायी माझी नोकरी सोडली, माहेरी जाणं सोडलं. मी पुढे झाले तर म्हणाली, “आई, डबा नको. हिनं दिलं. तू जा, माझी सुट्टी संपेल.”

तू जा. एवढंच. रागानं नाही हो, अगदी सहज. परतताना मला रडू आलं, आणि ते आनंदाचं आहे अशी मी माझी समजूत घातली. त्यानंतर दीड महिन्यात सासूबाई पडल्या. मला निमित्तच हवं होतं.

पहिले काही महिने ठकी रोज सात वाजता तयार होऊन दाराशी उभी राहायची. मी सांगायचे, “आज सुट्टी.” एक दिवस ती तयार व्हायची थांबली.

गेल्या सोमवारी मी तिला स्टॉपवर नेलं. म्हटलं, बस तरी आठवते का बघू, मग तुमच्यापाशी यायला तोंड राहील. बस आली. तिनं माझा दंड असा धरला, की नखं रुतली. म्हणाली, “आई, तू चल. तू नसलीस की मला भीती वाटते.” बस निघून गेली. चढायचंय का, असं कंडक्टरनं विचारलंसुद्धा नाही. आम्ही दोघी तिथेच उभ्या. हेच तर मला हवं होतं, बाई. मिळालं.

ठकीसाठी काही मागत नाही. तुम्ही सहा महिने देऊन जे उभं केलं होतं, ते पुन्हा उभं करायला मी तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगू? सोबत एक वेगळा कागद आहे. हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांच्या नावे सगळं लिहून खाली सही केली आहे. तो त्यांना द्या, सुपरवायझरबाईंनाही द्या. त्या कुबडीवाल्या मुलीच्या आईला मात्र मीच जाऊन सांगेन. तिनं दार लावून घेतलं तर बाहेरून सांगेन.

उत्तर लिहू नका. तुम्ही मायेनंच लिहाल, आणि ते मला सोसवणार नाही.

तुमच्या विश्वासाला न जागलेली,
ठकीची आई