गोदामातले हातमोजे

४ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आमच्याच कंपनीनं तुला मुलाखतीला बोलावलंय हे आईकडून कळावं? मला सांगायला काय जीभ झिजली असती? ऑफिसच्या फोनमध्ये कोण कोण डोकावतं देव जाणे, म्हणून कागद खरडतेय.

नातेवाईक कंपनीत आहे का, असं फॉर्मवर विचारतील. कुणी नाही, असं लिही. एका विभागात भावंडं घेत नाहीत. लग्नानंतर माझं आडनाव बदललंय, कुणाला पत्ता लागायचा नाही.

अडचण कशी सोडवता म्हणाले, तर शीतगोदामाची गोष्ट सांग. तिथली प्रत्येक ऑर्डर दोनदा जात होती. आमची टोळी एसीत बसून प्रोग्रॅम उसवत होती. मी गोदामात गेले, तिथल्या माणसांचे जाड हातमोजे चढवले आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. बटण एवढंसं! दाबलं गेलं की नाही तेच कळेना, म्हणून सगळे दोनदा दाबायचे. बटण मोठं केलं, खेळ खलास. पण माझं नाव घेऊ नकोस, कुणीतरी केलं म्हण. याच कामावर यंदा माझी बढती ठरायचीय. दरवर्षी हुकते, या खेपेला तरी घोडं गंगेत न्हाऊ दे.

लोभ असावा, आणि अंगात इस्त्रीचा शर्टही असावा.

तुझी ताई

१९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, घेतलं मला! आई तर रडायलाच लागली.

मुलाखत घेणारे साहेब पेनाचं टोपण चावत होते. गोदामाची गोष्ट सुरू केली तसे खुर्चीत सरसावून बसले, आणि म्हणाले की ते करणारा माणूस म्हणजे ते स्वतःच. हातमोज्यांत बोटं कशी बधिर झाली तेही हात हलवून दाखवलं. तुझेच साहेब ना हे? तुझं नाव अगदी ओठांवर आलं होतं गं, शप्पथ. पण तूच बजावलं होतंस, आणि फॉर्मवर कुणी नाही असं लिहून बसलो होतो. शेवटी म्हणालो की सर, तुमची कीर्ती बाहेरही पोचलीय. ते असे खूश झाले! शेजारच्या एचआरच्या बाईंनी ते लिहूनही घेतलं.

रागावली नाहीस ना? लोभ पातळ होऊ देऊ नये.

तुझा धाकटा

८ जुलै

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

काल बढतीची बैठक झाली. साहेब म्हणाले, माझं काम चोख आहे, पण स्वतःच्या डोक्यानं केलेलं काही दिसत नाही. मी गोदामाचं नाव काढलं. त्यावर त्या बाईंनी मला समजावलं की ते काम साहेबांचं, हे तर मुलाखतीला आलेल्या बाहेरच्या मुलालाही ठाऊक होतं.

तो बाहेरचा मुलगा माझा भाऊ आहे म्हटलं असतं, तर तुझी नोकरी गेली असती. आपलेच दात, आपलेच ओठ.

राग माझा मलाच येतोय, असं लिहिणार होते. खोटं कशाला बोलू, तुझाच येतोय. नाव घेऊ नकोस म्हटलं होतं रे, त्याच्या गळ्यात हार घाल म्हटलं नव्हतं.

ताई

११ जुलै

ती. ताईस,
सा. न.

दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मी सगळं खरं सांगून टाकणार आहे. फक्त नोकरी एकदा पक्की होऊ दे. आईही म्हणते, आत्ता घाई नको, ताई समजून घेईल.

सोमवारी रुजू होतोय. माया राहू दे.

तुझा धाकटा

१३ जुलै

चि. धाकट्यास,

समजून घेतलं. आईला सांग.

तुला माझ्या शेजारचं टेबल दिलंय, आणि काम शिकवायला माझ्याच गळ्यात बांधलंय. साहेब तुला सगळ्यांपुढे उभं करून हातमोज्यांची गोष्ट सांगतील. तेव्हा हस. मीही हसेन. मग माझ्याकडे वळून माझं नाव विचार, मी सांगेन.

डबा घेऊन ये. लोभ घरीच ठेव.

तुझी
कुणी नाही