आटलेले बूट आणि केशवाहिन्यांचा धडा

३ मार्च, सकाळी
बूट आटलेत. दोन्ही. दुकानदाराने अस्सल चामडं म्हणून गळ्यात मारले आणि आता दगा दिला. मोज्यांचाही वळ संध्याकाळपर्यंत जात नाही. संकल्प: उद्यापासून सँडल.

५ मार्च
नर्सिंग कॉलेजात सव्वीस वर्षं केशवाहिन्यांचा धडा मीच शिकवतो, उभा राहून. आज प्राचार्य म्हणाले, बसून शिकवा, नाहीतर धडा नव्या मॅडमना देऊ. मला म्हणे दम लागतो. दम नव्हे, मी पॉझ घेतो. परवा पूर्ण तास उभा राहणार.

७ मार्च
तास झकास. फळ्यावर केशवाहिनी काढली. भिंत एका पेशीच्या जाडीची. रक्त आत शिरतं तेव्हा दाबामुळे पाणी बाहेर झिरपतं. पुढे दाब ओसरतो आणि रक्तातली प्रथिनं बरंचसं पाणी परत ओढतात. हृदय थकलं, परतीच्या वाटेवर रक्त तुंबलं, की पाणी बाहेरच मुक्काम ठोकतं. पाय सुजतात, बोट दाबलं की खड्डा राहतो. मुली सारख्या माझ्या पायांकडे बघत होत्या. सँडल आवडले असावेत.
शेवटची दहा मिनिटं टेबलाला टेकलो. टेकणं म्हणजे बसणं नव्हे.

८ मार्च
नडगीवर अंगठा दाबून पाहिला. खड्डा पडला. चाळीस मोजले तरी तसाच. अंगठ्यात अजून ताकद आहे.

१० मार्च
आठ दिवस जेवण अळणी. मला वाटलं जिभेची चव गेली. आज कळलं, ही चोरून मीठ कमी घालते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्याच विद्यार्थिनीचा सल्ला म्हणे. एकतीस वर्षांचा संसार आणि घरातच फितुरी. खाल्ल्या मिठाला जागावं, तर मीठच नाही. उद्यापासून खिशात पुडी.

१२ मार्च
चाचणी घेतली. प्रश्न एकच: पेशींबाहेर पाणी साचल्याचं, स्वतः पाहिलेलं उदाहरण कारणासह लिहा. निकाल बघून प्राचार्यांची बोलती बंद होईल.

१३ मार्च, दुपारी
अडतीस पेपर. अडतीस जणींचं उदाहरण एकच: सर. कॉपी म्हणावी तर प्रत्येकीचे शब्द वेगळे. कुणी सँडलच्या पट्ट्याचा वळ लिहिला, कुणी जिन्यात माझं दोनदा थांबणं. वरच्या मजल्यावरचीने तर सपाट झोपलं की दम लागतो म्हणून मी तीन उशा घेऊन झोपतो हेही लिहिलं. हे फक्त माझ्या बायकोला माहीत.
हिला जाब विचारला. आवाज न चढवता म्हणाली, "माझं तुम्ही ऐकत नव्हता. म्हटलं, निदान पेपरात लिहिलेलं तरी वाचाल."
सगळ्यांनी कारणही एकच दिलंय: हृदय थकलंय. लाल पेन घेऊन तासभर चूक शोधली. एकही सापडली नाही. अडतीस जणींना पैकीच्या पैकी द्यावे लागले. असा निकाल सव्वीस वर्षांत लागला नव्हता.
उद्या दवाखाना. भीती वाटते.