मान न हलवणारा माणूस पाह्यजे

अमडापूर

ती. दाजी उत्तमराव यायले तुमचा साळा पंजाबराव याचा नमस्कार.

तिकडं लोणारले तुमची तब्येत, वंदनाताईचे गुडघे अन् तुमचा राग, सारं जागच्या जागी असन असं धरून चालतो. इकडं सोयाबीन बरं आहे, माही घरवाली झुंबरबाईही बरी आहे (ती ही चिठ्ठी वाचणार आहे म्हणून लिहून नाही राह्यलो, खरंच बरी आहे). फोनच करणार होतो, पण फोनवर तुमी माझं बोलणं अर्ध्यातच तोडता. चिठ्ठीचं तसं नाही. पाकीट फाडलं की माणूस वाचूनच घेते.

तर झालं असं, की आपल्या अनुपमाले (हाव, तुमच्याच पोरीले; तहसीलातलं स्थळ नाकारून शिकाले गेली म्हणून वर्षभर जिच्यासंगं बोलले नाही तिलेच; वाचणं थांबवू नका) पीएच.डी.साठी साठीच्या वरचे धडधाकट शेतकरी पाह्यजे होते. संभाजीनगरले ती एमआरआयच्या मशिनीत माणसाचा मेंदू पाह्यते. मेंदूत आतल्या अंगाले पांढरा भाग असते, म्हणजे समजा वायरींचे गठ्ठे. कोणती वायर कुठून कुठं गेली, म्हातारपणी ती कशी झिजते, हे डोकं न फोडता पाहाचं. मले तिनं फोनवर समजावलं, की मेंदूतलं पाणी वायरीच्या लांबीनं सहज सरकते, आडवं तेवढं सरकत नाही. मशीन ते सरकणं मोजते, अन् त्यावरून वायर कोणीकडं गेली ते कळते. म्हटलं बाई, सरीतलं पाणी सरीनंच जाते, वरंबा चढत नाही, हे वांगे लावणाऱ्याले काय सांगतं. ती हसली. तिथंच माह्या डोक्यात हवा गेली, अन् मीच येतो म्हणून सांगतलं.

आता पाहुणा पीक पाहाले येणार असला की आपण वावराले आदल्या दिवशी पाणी देतो. मशीन पाणीच पाह्यते म्हटल्यावर डोकं कोरडं कसं न्याचं? म्हणून स्टँडवर उतरल्या उतरल्या मी पोट टम्म होईस्तोर पाणी पेलो.

मशीनीपाशी माझा करदोडा, ताईत, किल्ल्या सारं काढून घेतलं, मले आडवं केलं अन् डोक्यावर पिंजरा बसवला. मान हलवाची नाही, एवढंच काम. पण मशीन सुरू झाली अन् दाजी, थ्रेशरमध्ये डोकं घालून झोपल्यासारखं वाटलं. त्यात ते पाणी. डोक्यात किती चढलं माहीत नाही, बाकीचं मात्र जिथं जाचं तिथं गेलं, अन् मी पायाले पाय आवळून पडलो. मधातच मशीनवाल्या बाई कानातल्या भोंग्यातून विचारत, काका, ठीक आहात ना? एवढ्या अदबीनं कोणी विचारलं तर माणूस मुरदाडासारखा पडून राहीन का? मी आपली मान हलवली. पुन्हा विचारलं, पुन्हा हलवली. उत्तरासाठी हातात दाबाचा रबरी फुगा देला होता, हे बाहेर आल्यावर आठवलं.

मंग पोरीनं फोटो दाखवले. दुसऱ्या एका शेतकऱ्याच्या डोक्यात आडव्या वायरी लाल, मागंपुढं जाणाऱ्या हिरव्या, वरखाली निळ्या. माह्या डोक्याचा निसता चिखल (झुंबरबाई म्हणते, त्यासाठी संभाजीनगरले काऊन गेले, मी घरीच सांगतलं असतं). अनुपमा रागावली नाही, कॉम्प्युटरवर तोच चिखल पुन्हा पुन्हा उघडून पाह्यत राह्यली, अन् मले लय वाईट वाटलं. मशीनीची शेवटची पाळी येत्या सोमवारी आहे. तेवढं एक डोकं भरलं नाही तर तिचं काम अडते. मी पुन्हा येतो म्हटलं, तर म्हणे, मामा, तुमची मान तुमच्या ताब्यात नाही. गावात विचारलं. जानरावले भेव, की डोक्यातलं सारं दिसलं तर घरी भांडण लागन. दयारामले वाटते, डोक्यातलं पाणी मोजून सरकार पाणीपट्टी लावन.

बाकी क्षेम. ताईले नमस्कार सांगा.

तुमचा,
पंजाबराव

ता.क. चिठ्ठीचं कारण लिहाचं राह्यलंच. सोमवारी तुमी जा. आपली सावड आहेच. मी तुमच्या वावरात राबतो, तुमी माह्या बदली मशीनीत पडा. (नाव तुमचंच लागन. डोक्याचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर होत नाही म्हणे.) मान न हलवण्यात तुमच्या तोडीचा माणूस जिल्ह्यात नाही. पोरीनं शिकू का विचारलं, हलली नाही. ताई रडली, हलली नाही. मी समजवाले आलो, चहा पेलो, निघालो, तरी हलली नाही. हा गुण पहिल्यांदाच कोणाच्या कामी येऊन राह्यला.

ता.क. जाताना पाणी बेतानं प्या.

ता.क. हे झुंबरबाईपासून लपवून लिहून राह्यलो. त्या बाईंच्या विचारण्यानं मान जराशीच हलली होती, तेवढं चालून गेलं असतं. घोटाळा शेवटच्या मोठ्या फेरीत झाला. ती सुरू व्हायच्या आधी भोंग्यात अनुपमाचाच आवाज आला, एकदम हळू: मामा, बाबा माह्याबद्दल विचारतात का? मी हाव म्हणून मान हलवली, अन् मशीन सुरू झाली तरी हलवतच राह्यलो. दाजी, मी खोटं बोललो. तेवढं खरं करून द्या.