आयुधपूजेआधीचे हातमोजे

जे. पी. नगर, पूजेच्या आदल्या दिवशी, १९९६

माझ्या थोरल्या भावाचा, अण्णाचा हात शाबूत आहे.

दुपारी गॅरेजमध्ये चालू इंजिनच्या फॅनबेल्टमध्ये त्याचा हातमोजा अडकला. जुना, सुती मोजा टर्रकन फाटला, म्हणून बोटं वाचली. मी त्याच्यासाठी आणलेले जाड चामड्याचे हातमोजे घरी देवापाशीच होते. आयुधपूजेत कुंकू लावल्याशिवाय नवं काही वापरायचं नाही, हा आईचा हट्ट. त्यावरून सकाळीच मी तिच्याशी भांडले होते.

आता अण्णा म्हणतो, "स्वल्प खरचटलंय गं. उद्या पूजा झाली की तुझेच घालतो, सरी? चालेल ना?"

कसे घालू देऊ? दुकानात मी त्यांची शिवण जोर लावून ओढून पाहिली होती. उसवेना, म्हणून तर घेतले.